एकास नऊ

"नऊ इंच कमी आहेत," दादा म्हणाले.

आर्किटेक्टनं नकाशाची गुंडाळी अजून पुरती उलगडलीही नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, जमिनीवर मांडी घालून बसले होते. हातात शाळेतून निवृत्त होताना आणलेली लाकडी पट्टी होती आणि चेहऱ्यावर पेपर तपासतानाचा भाव.

"कुठं कमी आहेत, सर?"

"पुढच्या खोलीत. पिसाळांच्या बाजूला. तुम्ही भिंत इथं दाखवलीय. ती नऊ इंच पलीकडं पाहिजे."

आर्किटेक्टनं मान वळवून भिंतीकडं पाहिलं. भिंत त्यानं दाखवली होती तिथंच होती.

"ती दिसते तिथं," दादांनी समजावलं. "असायला पाहिजे तिथं नाही."

पंच्याण्णव सालची गोष्ट. मी एकोणतीस वर्षांचा होतो, विमा कंपनीत चिकटलेलो होतो आणि माझं लग्न ठरलं होतं. नीलाक्षी पुण्याची. घर बघायला आली तेव्हा चहा झाल्यावर मागच्या बाजूला गेली आणि परत येऊन तिनं अगदी गोड आवाजात विचारलं, "न्हाणीघर एकच आहे का?" त्या एका प्रश्नानं मी सुधारक झालो. साताऱ्यातलं आमचं घर व्यंकटपुऱ्यात, किल्ल्याच्या उतारावर, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळीत. रुंदीला चिंचोळं, लांबीला चाळीस फूट. मी ठरवलं, मागचा भाग पाडायचा, वर खोली काढायची, तिला जोडून टाइल्सचं न्हाणीघर करायचं आणि खालची जुनी न्हाणी उडवून तिथं माझी अभ्यासिका करायची. विमा एजंटाला अभ्यासिका कशाला लागते, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला काही विचारलं नाही.

आईनं फक्त एकदा म्हटलं, "ती न्हाणी राहू दे की. माझी तेवढीच आहे."

मी तिला स्वच्छता, आधुनिक राहणी आणि स्त्रियांची सोय या विषयांवर पंधरा मिनिटं ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि धुणं घेऊन न्हाणीत गेली. न्हाणीत तिला नेहमीच फार वेळ लागायचा. आतून पुटपुटल्याचा आवाज यायचा. म्हातारपण, मी समजायचो.

आता या नऊ इंचांबद्दल. दादा म्हणजे माळवदे मास्तर. साताऱ्यातल्या तीन पिढ्यांना त्यांनी भूमिती शिकवली. शेजारचे नारायण पिसाळ एसटीचे ड्रायव्हर. सहा फूट दोन इंच उंची आणि तिला शोभेल असा आवाज. सदुसष्ट साली दादा कोल्हापूरहून बी.एड. होऊन परत आले, तर त्यांचं पुस्तकांचं कपाट पुढच्या खोलीत मावेना. मोजून बघितलं तर खोली नऊ इंचांनी आखडलेली. मधल्या पावसाळ्यात दोन घरांमधली मातीची भिंत बसली होती आणि ती नव्यानं बांधली गेली होती. "गवंडी कुणी आणला?" दादांनी विचारलं. "पिसाळांनी," आई म्हणाली. झालं. दादांनी प्रमेय सिद्ध करून टाकलं आणि पिसाळांशी बोलणं बंद केलं.

बोलणं बंद केलं म्हणजे गप्प बसले असं मात्र नाही. नववीच्या सहामाहीला दर वर्षी एक गणित हमखास यायचं. 'अ हा सज्जन गृहस्थ आहे. त्याच्या जागेत ब या शेजाऱ्याने नऊ इंच अतिक्रमण केले...' अख्ख्या साताऱ्याला ब कोण ते ठाऊक होतं. एका वर्षी पिसाळांचा थोरला मुलगा त्याच वर्गात होता. त्याला त्या गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

पिसाळांचं उत्तर साधं होतं. त्यांनी कुत्रा पाळला आणि त्याचं नाव ठेवलं मास्तर. कुत्रं मेलं की दुसरं आणायचे. नाव तेच. रोज संध्याकाळी गल्लीला दणदणीत आवाजात ऐकू यायचं, "मास्तर! लई भुंकतंय! चल आत हो!"

अशी अठ्ठावीस वर्षं गेली. आर्किटेक्टनं जेव्हा सांगितलं, की भिंत सामाईक आहे, तिला हात लावायचा तर शेजाऱ्याची संमतीची सही लागेल, तेव्हा दादांचे डोळे चमकले.

"सही नंतर. आधी सरकारी मोजणी. होऊनच जाऊ दे."

"कशाला मोजणी?" आई एकदम म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "इतकी वर्षं गेली. गेले नऊ इंच तर गेले."

"सत्याला मोजणीची भीती कसली?" दादांनी वर्गाला विचारावं तसं विचारलं.

आई न्हाणीत गेली आणि दार लावून घेतलं.

मोजणीच्या दिवशी दादांनी इस्त्रीचा सदरा घातला. सगळी गल्ली जमली, कारण दादांनी स्वतः दारोदार जाऊन वेळ सांगितली होती. पिसाळ त्यांच्या पायरीवर हाताची घडी घालून उभे. शेजारी कुत्रं. मोजणीदार भोईटे नावाचा एक कंटाळलेला माणूस होता. त्यानं जुना नकाशा उघडला, कोपऱ्यावरचा दगड शोधला, फीत धरली, वाकला आणि उठून म्हणाला, "नऊ इंच. पिसाळांच्या ताब्यात, माळवद्यांचे."

गल्लीत कुजबुज झाली. दादांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लिहून घ्या," ते हळूच म्हणाले. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. एवढ्याशा जागेसाठी माणूस इतकी वर्षं खरं धरून बसतो, असं काहीतरी मला वाटलं.

पिसाळांचा चेहरा पडला. त्यांना बहुतेक खरंच माहीत नव्हतं.

भोईटे फीत गुंडाळत घरात शिरला. "मागं कशाला?" दादा म्हणाले. "वाद पुढचा आहे."

"काका, भिंतीला दोन टोकं असतात."

मागं न्हाणी होती. आई तिच्या दारात उभी होती, हलेना. भोईट्यानं तिला दोनदा "ताई, जरा" म्हटल्यावर बाजूला झाली. त्यानं मोजलं. नकाशा बघितला. परत मोजलं. पलीकडं पिसाळांच्या परसात जाऊन तिकडूनही मोजलं.

"दोन फूट तीन इंच," तो बाहेर येऊन म्हणाला.

"कुणाचे?" दादांनी विचारलं.

"त्यांचे. तुमच्या ताब्यात आहेत. न्हाणी जवळपास सगळी त्यांच्या जागेत बसलीय. भिंत तिरकी आहे. पुढं थोडी तुमच्याकडं, मागं चांगलीच त्यांच्याकडं."

सगळी गल्ली दादांकडं बघू लागली. कुत्रंसुद्धा.

"काय झालं?" पिसाळ गरजले. "मास्तर, बोला की! कुणी कुणाचं खाल्लं? सांगा पोरांना!"

दादांना कुणी प्रश्न विचारला आणि त्यांना उत्तर येत असलं, तर ते दिल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. तीस वर्षांची सवय. ते भिंतीकडं बघत राहिले आणि ओठ हलू लागले.

"चाळीस फूट लांबी. पुढं पाऊण फूट, मागं सव्वादोन. म्हणजे दहा फुटांवर रेषा छेदते. दोन समरूप त्रिकोण." ते थांबले. "बाजूंचं गुणोत्तर एकास तीन. क्षेत्रफळाचं एकास नऊ."

"मराठीत सांगा!"

"तुम्ही माझी पावणेचार चौरस फूट जागा घेतलीत," दादा म्हणाले. "मी तुमची पावणेचौतीस."

अठ्ठावीस वर्षांत त्या भूमिती शिकवणाऱ्या माणसानं भिंतीचं दुसरं टोक मोजलं नव्हतं, की भिंतीबरोबर झालेली न्हाणी कुठल्या जागेत बसली ते विचारलं नव्हतं. मागं न्हाणी, चूल, धुणं. तिकडं ते अंघोळीपुरते जायचे आणि टॉवेल कुठं आहे ते विचारायचे.

"अठ्ठावीस वर्षं चोर म्हणला मला!" पिसाळ पायरी उतरून आमच्या दारात आले. "पोराला परीक्षेत माझीच चोरी सोडवायला लावली! पाडा ती न्हाणी. आत्ताच्या आत्ता!"

"पाडतो," दादा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण मान ताठ होती. "तुम्ही माझे नऊ इंच सोडा."

"सोडले!"

"कोण पाडतंय बघते मी."

पिसाळांच्या मागून आवाज आला. अनसूयाबाई पुढं आल्या. नवऱ्याच्या कोपरापर्यंत पोहोचणारी बाई. हाताला पीठ होतं, ते पदराला पुसत होत्या.

"ती न्हाणी मी दिलीया," त्या म्हणाल्या. "दिलेलं मी माघारी घेत न्हाई."

"तू दिली? कुणाला इचारून?"

"कुणाला इचारू? तुम्ही मुक्कामाच्या गाडीवर. मास्तर कोल्हापुरात शिकायला. भिंत बसली, गवंडी इचारतोय, बाई, कुठनं घालू? मग आम्ही दोघींनीच दोरी धरली. ह्या टोकाला मी, त्या टोकाला सिंधूताई."

सगळ्यांनी आईकडं बघितलं. आई आतल्या दारात होती, ती बाहेर आली.

"पुढचे नऊ इंच मी दिले," ती म्हणाली. "यांच्याकडं जिना आणि भिंतीच्या मधे खाट बसेना. भाऊजी रात्रभर गाडी चालवून यायचे आणि पाय जिन्यात अडकवून झोपायचे. अनसूयाबाई म्हणाल्या, वीतभर मिळालं तर माणूस सरळ झोपेल. मी म्हटलं, घ्या."

गल्लीनं पिसाळांच्या पायांकडं पाहिलं. पिसाळांनीही पाहिलं.

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?" दादा म्हणाले.

"पुढचं सांगितलं असतं तर मागचं निघालं असतं. न्हाणी गेली असती." आई शांतपणे म्हणाली. "तुम्ही दोघं पुढं भांडत होता तोवर मागं कुणी बघत नव्हतं. आमचं बरं चाललं होतं."

बरं म्हणजे किती बरं, तेही मग निघालं. दोन्ही न्हाण्यांच्या मधे, छपरापाशी, विटेएवढा झरोका होता. आई अठ्ठावीस वर्षं आत पुटपुटत नव्हती. अनसूयाबाईंशी बोलत होती.

भोईट्याला दुसरीकडं जायचं होतं. "नोंद काय करू?" त्यानं विचारलं.

"लिवा की," अनसूयाबाई म्हणाल्या, "बायकांनी आपसांत दिली-घेतली."

"असा रकाना नाही," भोईटे म्हणाला आणि फीत पिशवीत टाकली.

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो. गल्ली पांगली. अनसूयाबाई भाकऱ्या टाकायला गेल्या, आई धुणं वाळत घालायला. आणि दादा आमच्या पायरीवर बसले, तर थोड्या वेळानं पिसाळ येऊन त्याच पायरीवर बसले. दोघांच्या मधे पाऊण फुटाचं अंतर.

"एका शब्दानं इचारलं न्हाई," पिसाळ म्हणाले.

"एका शब्दानं नाही," दादा म्हणाले.

"जागा माझ्या बापाची."

"माझ्याही वडिलांची."

"उद्या घर इकत्याल आणि आपल्याला पेपरात वाचायला मिळंल."

कुत्रं येऊन दोघांच्या पायाशी पसरलं. "गप रे, मास्त—" पिसाळ म्हणाले आणि तिथंच थांबले. दादांनी ऐकलं नाहीसं दाखवलं. तासभर ते दोघे बसले होते. ज्या दोन माणसांना नऊ इंचांनी अठ्ठावीस वर्षं तोडलं होतं, त्यांना बायकांच्या गुन्ह्यानं एका दुपारीत जोडलं. चहाची दोघांनीही वाट बघितली. तो कुठल्याच घरातून आला नाही.

शेवटी ठराव झाला. भिंत नकाशाप्रमाणं सरळ करायची. न्हाणी पाडायची. माझ्याकडं वळून दादा म्हणाले, "आर्किटेक्टला कळव." मीही लगेच बरं म्हटलं. माझ्या नकाशात ती न्हाणी पडणारच होती. हे बाकीचं सगळं ऐकूनसुद्धा मी बरं म्हटलं, हे आज लिहिताना मला सुधारून घ्यावंसं वाटतं. पण म्हटलं ते म्हटलं.

जेवताना दादांनी ठराव आईच्या कानावर घातला. आईनं भात वाढला.

"करा सरळ," ती म्हणाली. "पण आधी आठ दिवस तुम्ही परसात अंघोळ करा. उद्यापासून न्हाणीला मी कुलूप घालते."

"त्यात काय?" दादा म्हणाले. "माझी आई जन्मभर परसात न्हाली."

"त्यांना कुणी विचारलं नव्हतं कसं वाटतं म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आईनं परसात दगड मांडला, गरम पाण्याची बादली ठेवली आणि दोन काठ्यांना दोरी बांधून तिच्यावर जुनी साडी टाकली. दादा पंचा नेसून ऐटीत गेले. आमचं परस म्हणजे उताराची पायरी. त्याच्या वरच्या अंगाला वरची आळी, तिचा कठडा थेट आमच्या डोक्यावर. साडी समोरून आडोसा करत होती. वरून काही नाही.

दादांनी डोक्याला साबण लावला आणि वरून आवाज आला, "नमस्कार सर!"

एकाहत्तरच्या तुकडीतला सायकलवाला होता. दादांना नमस्काराला उत्तर न देण्याची सवय नव्हती. त्यांनी एका हातानं पंचा धरून दुसरा कपाळाला लावला. तेवढ्यात आणखी एक जण थांबला. "सर, बाहेरच अंघोळ? तब्येत बरी आहे ना?" मग दूधवाला. मग नगरपालिकेतला एक कारकून, तो तर सायकल कठड्याला लावून सरांना आपल्या बदलीची हकीकत सांगू लागला. दोन बायका घागरी घेऊन आल्या, खाली बघितलं आणि तोंडाला पदर लावून निघून गेल्या. माळवदे मास्तरांनी अख्ख्या साताऱ्याला शिकवलं होतं आणि आठ ते सव्वाआठच्या दरम्यान अर्धा सातारा त्या कठड्याजवळून जातो.

दादा आत आले तेव्हा डोक्याला साबण तसाच होता. पंचा घट्ट धरून ते स्वयंपाकघरात पाटावर बसले. मी चहा पीत होतो. आई कांदा चिरत होती.

"साडी टाकली तरी वरून दिसतं," दादा म्हणाले.

"दिसतं," आई म्हणाली.

"मग तू कधी करायचीस अंघोळ?"

"पहाटे चारला. कुणी उठायच्या आत."

"थंडीत?"

"थंडीत थंडीतच करावी लागते."

दादांनी माझ्याकडं बघितलं. "आणि हा पोटात असताना?"

"तेव्हाच घसरले की. दगडावर शेवाळ होतं. सातवा महिना. ओरडता येईना, नेसूचं धड नव्हतं. अनसूयाबाईंनी आवाज ऐकला, कुडावरून उडी मारून आल्या, त्यांच्या लुगड्यात गुंडाळून मला आत आणलं. त्याच आठवड्यात भिंत बसली. म्हणाल्या, सिंधूताई, आता छपराखाली न्हाणी झाल्याशिवाय मी गवंड्याला वीट लावू देत नाही." तिनं विळी बाजूला सरकवली. "तुम्हाला पत्रानं कळवलं होतं, पाय मुरगळला म्हणून."

दादांना आठवलं. तोंडावरून दिसलं. "मी उत्तर पाठवलं होतं," ते म्हणाले.

"पाठवलं होतं. जपून चालत जा, असं लिहिलं होतं."

साबणाचा एक ओघळ दादांच्या कानामागून खाली आला. त्यांनी तो पुसला नाही.

"लग्नापासून न्हाणी होईपर्यंत सात वर्षं," ते म्हणाले.

"साडेसात."

दादा उठले. तसेच, पंचा नेसून, डोक्याला फेस घेऊन बाहेर पडले आणि पिसाळांच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग धावलो. मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. पिसाळ दारात आले.

"काय मास्तर? काय काम?"

"तुमच्याकडं नाही," दादा म्हणाले. "त्या आहेत का?"

अनसूयाबाई बाहेर आल्या. दादांनी हात जोडले. बोलायला तोंड उघडलं आणि काही सुचेना. तीन पिढ्यांना शिकवलेला माणूस, पण एवढं एक वाक्य त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. फेस भुवईवर आला, डोळ्यात गेला, ते डोळे चोळत तसेच उभे. साबणामुळं चोळत होते की कशामुळं, ते मी बघितलं नाही.

अनसूयाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मास्तर, आधी डोक्यावर पाणी घ्या," त्या म्हणाल्या. "आमच्या न्हाणीत ऊन पाणी हाय. जावा आत."

न्हाणी पाडली नाही, हे सांगायला नको. आर्किटेक्टनं नवा नकाशा काढला, त्यात भिंत होती तशी तिरकीच ठेवली आणि माझी अभ्यासिका गेली. वरचं न्हाणीघर नीलाक्षीला तिच्या मनासारखं करून मिळालं, कारण या खेपेला मी नकाशा आधी तिला नेऊन दाखवला. तिनं त्यात अकरा चुका काढल्या. संमतीपत्रावर चार सह्या झाल्या. दोन बायकांच्या वर, दोन पुरुषांच्या खाली. आर्किटेक्ट म्हणाला, कायद्यानं बायकांच्या लागत नाहीत. दादा म्हणाले, "लागतात." फरशी बसवणारा माणूस मात्र दोन दिवस शिव्या देत होता. त्या भिंतीलगतची प्रत्येक फरशी त्याला तिरकी कापावी लागली.

पण त्या सकाळी दादा पिसाळांच्या घरातून परत आले तेव्हा डोकं कोरडं होतं आणि अंगावर पिसाळांचा सदरा होता, गुडघ्यापर्यंत आलेला. ते परत पाटावर बसले. आईनं चहा पुढं केला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला.

"त्यांची न्हाणी आपल्यापेक्षा लहान आहे," ते म्हणाले. "वाकून बसावं लागतं."

"मला माहितीय," आई म्हणाली.